थापट्याची न्याहारी

५ नोव्हेंबर हा वन्यजीव-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. मुहूर्तही नेमका! याच सुमारास निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरला उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ही राज्यातली पहिली जागा.

त्या पाहुण्यांतलं एक बदक म्हणजे थापट्या. त्याला बघा. चोच टोकाला रुंद, पसरट; कडांना बारीक दातेरी झालर. पाण्याला चोच लावून तो मान डावी-उजवीकडे हलवत सरकतो. पाणी बाहेर जातं, बारीकसारीक जीव आत राहतात. जेवण गाळूनच घेतो म्हणा ना! हे एका फोटोत मावत नाही, दुर्बीण लावून निवांत बघावं लागतं.

कॅमेरा जरूर न्या. ऊन पाठीशी ठेवा, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. पण उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणं, खडे मारणं हा निव्वळ दांडगटपणा. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव तो. वाटेत झिजलेली चरबी त्याला इथंच भरून काढायची असते. तेव्हा जरा लांबच थांबा आणि त्याला पोटभर खाऊ द्या.