कांदा: आरोग्य आणि व्रत

कांदा प्रकृतीला हितकर आहे आणि तोच चातुर्मासात वर्ज्य आहे. हिताचा पदार्थ धर्माने निषिद्ध का ठरवावा?

शंभर ग्रॅम कच्च्या कांद्यात सुमारे 89 ग्रॅम पाणी आणि 7 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. त्याचे खरे मोल मात्र इतरत्र आहे. त्यातले फ्रुक्टन आतड्यातील उपकारक जीवाणूंचे खाद्य होते. क्वेर्सेटिन हे द्रव्य बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असते, म्हणून सोलताना चांगले पापुद्रे टाकू नयेत. भाकरीबरोबर खायला कांदा बुक्कीने फोडला की पेशी फुटून गंधकाची संयुगे तयार होतात. नाकात जाणारा झणका त्यांचाच. नाजूक पोटाच्या माणसाला मात्र फ्रुक्टनने गुबारा धरतो. चरकसंहितेनेही कांद्याला बल्य, रुचकर व वातनाशक म्हटले, पण पचायला जड असेही बजावले.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कांदा-लसूण द्विजांना निषिद्ध आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात कांद्याचे नावही नाही. तिथे अन्नाचे गुण सांगितले आहेत. आयुष्य, बल आणि आरोग्य वाढवणारा आहार सात्त्विक, तर तिखट, तीक्ष्ण आहार राजस. कांद्याला दोन्ही कसोट्या लागू पडतात, आणि खरी अडचण इथेच आहे. जैन आचारात कारण वेगळे: कंदमुळांत अनंत जीव असतात, म्हणून तिथे प्रश्न अहिंसेचा आहे.

मराठी लोकाचाराने कांद्याला अपवित्र मानलेले नाही. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, घरोघरी भजी-थालीपीठे होतात आणि मग कांदा सुटतो. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचे भरीत आणि बाजरीच्या रोडग्याबरोबर कांद्याची पातही असते. सावता माळ्यांना तर मळ्यातल्या कांद्यातही विठ्ठल दिसला. जो देवाला चालतो तो अशुद्ध कसा? म्हणून चातुर्मासातला त्याग कांद्याच्या दोषापोटी नाही, खाणाऱ्याच्या संयमासाठी आहे. आवडीचे आणि हिताचे सोडले तरच त्या त्यागाला अर्थ. कांदा गुणकारी ठरला म्हणून व्रत खोटे पडत नाही, आणि व्रतात वर्ज्य म्हणून कांदा अपायकारक ठरत नाही.

प्रकृतीची खरी गरज असेल तर शास्त्रानेच वाट ठेवली आहे: ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, त्यांत औषधाचा समावेश आहे.