दूध आटलं, नाव कुणाचं घ्यायचं?

बारामतीचे वकील आणि उजनीकाठचे, इंदापूर तालुक्यातले आबा.

वकील: रोमच्या सगळ्यात जुन्या कायद्यात, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, मंत्रानं दुसऱ्याचं पीक ओढणं हा गुन्हा होता. रोमन लेखक प्लिनीनं एक खटला नोंदवलाय. क्रेसिमस हा गुलामीतून सुटलेला शेतकरी. रान थोडं, पण पीक शेजारच्या मोठ्या जमीनदारांपेक्षा जास्त. त्यांनी चेटकाचा आळ घेतला. क्रेसिमस भर चौकात जड फाळ, कुदळी, पोसलेले बैल आणि घरची धडधाकट माणसं घेऊन आला. माझं चेटूक ते हेच, म्हणाला. जागरणं आणि घाम तेवढा आणता आला नाही. एकमतानं सुटला. आबा, पुरावा मागितला की मत्सर उघडा पडतो.

आबा: सुटला, कारण दाखवायला बैल होते. पीक ओढता येतं ही समजूत कोर्टानं खोटी ठरवलीच नाही. यानं ओढलं नाही, एवढंच म्हटलं. उद्या कुणाची गाय आटली आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडं गेलं, तर ती चौकात काय आणील? तुमचा पुरावा ज्याचं बरं चाललंय त्यालाच वाचवतो.

वकील: म्हणून तर 2013चा आपला जादूटोणाविरोधी कायदा उलट्या बाजूनं येतो. 20 ऑगस्टला पुण्यात या कायद्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, लगोलग वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. रोमन कायदा चेटूक करणाऱ्याला धरायचा. आपल्या अनुसूचीत अमका करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो, असं पसरवून त्याचं जगणं अवघड करणारा गुन्हेगार आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. बाईला निर्दोषपण सिद्ध करावं लागत नाही.

आबा: गावात पसरवतो कोण? नुसतं त्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही. त्याची फिर्याद कशी लिहाल? डॉक्टर सांगतो, कासेला दगडी झाली, धारेनंतर सडाचं तोंड उघडं असतं, गाईला ओल्या शेणात बसू देऊ नका. मान्य. पण शेण शेजाऱ्याच्याही गोठ्यात आहे. माझ्याच गाईला का? तिथं डॉक्टर थांबतो आणि भगत सुरू होतो.

वकील: त्या ‘का’ला उत्तर नसेल तर नसू दे. कायद्याचं मागणं एवढंच, की उत्तराच्या जागी माणसाचं नाव घालू नका.

आबा: मग पाणाड्याचं काय? जिराईत पट्ट्यात बोअर घ्यायचं म्हटलं की शिकलेलाही तळहातावर नारळ धरणाऱ्याला बोलावतो. अनुसूचीत पाणाड्या नाही. नारळाला पाणी कळतं म्हणणारा उद्या नजरेनं दूध आटतं म्हणणारच. मूळ तेच, तुम्ही फांदी छाटता.

वकील: मूळ खणायला गेलो तर देवघरापर्यंत पोचू. म्हणून तर वारी, कीर्तन, पूजा कायद्यानंच बाहेर ठेवली. पाणाड्या चुकला तर पैसा बुडतो, कुणी वाळीत पडत नाही. फरक माणसाला होणाऱ्या इजेचा आहे.

आबा: इजेची फिर्याद द्यायला ती एकटी बाई ठाण्यात कुणाला घेऊन जाईल? साक्षीला येणारा एक शेजारी असता, तर तिला तुमच्या कायद्याची गरजच पडली नसती.