सुईचा धाक आणि रोबो

पिंपरी-चिंचवडच्या पोराला रोबो म्हणजे आई-बाबांच्या कंपनीतली गोष्ट. चाकणला बजाज ऑटोने 2010 पासून माणसाशेजारी काम करणारे कोबॉट आणले. ते हाताळणाऱ्यांत बायकाही बऱ्याच आहेत. गाड्यांच्या कारखान्यांतले वेल्डिंगचे मोठे रोबो मात्र जाळीच्या आत असतात, चालू असताना तिथे पाऊल टाकायचं नाही. असं यंत्र उद्या दवाखान्यात येऊन ‘घाबरू नकोस’ म्हणालं, तर हे पोर काय करील?

युरोपात ‘नाओ’ हा छोटा रोबो मधुमेही मुलांशी प्रश्नमंजुषा खेळला आहे, मिलानच्या सॅन राफाएले रुग्णालयातसुद्धा. तिथली कल्पना अशी की एक मूल, एक रोबो, दोघांची मैत्री. आपल्याकडे मूल दवाखान्यात एकटं असतंच कुठे? आई, आजी, जमलं तर मामाही. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय बाळा?’ बाळाने तोंड उघडायच्या आत आजी, ‘अहो, कालपासून जेवलाच नाहीये तो!’ रोबोने विचारलं तरी उत्तर आजीच देणार.

डच आणि पाकिस्तानी मुलांना ‘आयकॅट’ या रोबोबरोबर पत्त्यांचा अंदाज बांधण्याचा खेळ देऊन केलेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पाकिस्तानी मुलांचे चेहरे अधिक बोलके होते आणि रोबोबरोबर ती अधिक रमली. दोन्हीकडे एकट्याने खेळण्यापेक्षा रोबो बरा वाटला, पण मित्राची सर त्याला आली नाही. आपली मुलंही अशीच रमतील, असं मला वाटतं. पण तो खेळ होता. तिथे कुणी सुई घेऊन उभं नव्हतं.

खरी अडचण मुलात नाही, आपल्या जिभेत आहे. ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हे आपण मूल रांगत असल्यापासून ऐकवतो. (पोलीसमामांनाही याच कामाला लावलेलं आहे.) रोबो आला की आठवड्याभरात ‘थांब, त्या रोबोला बोलावते’ सुरू होईल, आणि लाखमोलाचं यंत्र बागुलबुवाच्या नोकरीला लागेल. मग त्याला मराठी शिकवा, नाहीतर लातूर-बिहारहून आलेल्या कामगारांच्या पोरांसाठी त्यांची बोली शिकवा, उपयोग शून्य.

म्हणून रुग्णालयांनी रोबो घेताना मुलाच्या आधी आजीची आणि रोबोची गाठ घालून द्यावी, आणि तिघांनी मिळून खेळता येईल असाच खेळ त्यात भरून मागावा. आपण पालकांनी सुईचा धाक मात्र आजपासूनच बंद करावा.