कल्पना

“साहेबांना कल्पना देऊन ठेवा,” असे कचेरीतला अव्वल कारकून शिपायास बजावतो, तेव्हा त्यात स्वप्नरंजनाचा लवलेशही नसतो. एखाद्या अर्जाची वा तगाद्याची वर्दी आगाऊ पोहोचावी, इतकाच त्याचा मतलब असतो. ज्या शब्दाच्या बळावर कवी आकाशाला गवसणी घालू पाहतो, तोच शब्द मराठी माणसाने जाणीव आणि पूर्वसूचना यांच्या दिमतीस बिनदिक्कत लावला आहे. आणि “मला कल्पना नाही” असे म्हणणारा गृहस्थ आपल्या प्रतिभेचे दारिद्र्य नव्हे, तर केवळ आपले अज्ञान, पुष्कळदा तर अंग काढून घेण्याची इच्छा, प्रकट करीत असतो.

संस्कृतातील मूळ धातूचा अर्थ जुळणे, योग्य होणे, आणि त्यावरून रचणे, सिद्ध करणे. म्हणूनच अमरकोशाने ‘कल्पना’ म्हणजे हत्तीला स्वारीसाठी सजविणे, असा जो अर्थ नोंदविला आहे, तो प्रथमदर्शनी विनोदी वाटला तरी मुळाशी इमान राखणारा आहे. ‘कल्पक’ हा शब्द तर संस्कृतात न्हाव्यालाही लावीत. आज तो आपण प्रगतिपुस्तकात मुलाच्या कौतुकासाठी लिहितो!

दिङ्नाग या बौद्ध आचार्याने मात्र प्रत्यक्ष ज्ञानातून कल्पनेला साफ हद्दपार केले, कारण समोरील वस्तूस नाम आणि जाती चिकटविणे हीच त्याच्या मते कल्पना. मग “ही गाय” एवढेच म्हणणारा गुराखीही कल्पनाविहारी ठरतो, आणि मला तरी हा अर्थ कारकुनाच्या अर्थाहून अधिक मौजेचा वाटतो.