काटकसर कोणाच्या ताटात?



थंडी पडली की बाजारात कोबीचे घट्ट, गोडसर गड्डे येतात आणि भावही उतरतो. महिन्याचा खर्च जुळवणाऱ्या घराला हा मोठा आधार असतो. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ आणि वर ओले खोबरे, एवढ्यावर घरभराची भाजी होते. मूठभर कोलंबी घातली तर रविवारही साजरा होतो.

पण स्वस्तात भागवणे हा सद्गुण आहे का? पैसे कंजूष माणूसही वाचवतो आणि साधेपणाने जगणाराही. दोघांच्या ताटात कोबीच असतो. मग फरक कुठे?

पहिला फरक, आपण कोणाचे पैसे वाचवतो? भाव फार पडला तर शेतकऱ्याला काढणीचा नि वाहतुकीचा खर्चही सुटत नाही. तरीही टोपली घेऊन बसलेल्या मावशीशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो. अशी काटकसर आपल्या ताटातली नसते, तिच्या ताटातली असते.

दुसरा फरक, आपण काय टाकून देतो? वरची जाड पाने धुऊन, बारीक चिरून बेसनाच्या वड्यांत घालता येतात. आतला दांडा किसून कोशिंबिरीत चालतो. अन्न वाया घालवणे म्हणजे गरिबाच्या ताटातले चोरणे होय, असा इशारा दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली दिला होता.

तिसरा फरक, वाचलेले जाते कुठे? उपवासाने जे वाचते ते गरिबाच्या मुखी पडावे, अशी पाचव्या शतकातील पोप संत लिओ यांची शिकवण आहे. कंजूष माणूस इथेच थांबतो.

मात्र ज्यांच्या घरी नाइलाजाने रोज हीच भाजी शिजते, त्यांना साधेपणाचे धडे देण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांनी बोलावले तर आनंदाने जेवावे. नीतिसूत्रांच्या १५व्या अध्यायातही द्वेषाच्या मेजवानीपेक्षा प्रेमाचे साधे जेवण श्रेष्ठ मानले आहे.

आगमनकाळात एका रविवारी मटणाऐवजी कोबी शिजवूया, मावशीला मागेल तो भाव देऊया आणि उरलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकूया. गोठ्यात जन्मलेला प्रभू आपल्याला तशी बुद्धी देवो.