असणे आणि सापडणे

‘नाही’ हा शब्द बँकेच्या काउंटरवर जितक्या प्रकारांनी उच्चारला जातो, तितका तो लग्नाच्या बाजारातसुद्धा उच्चारला जात नसेल. सही जुळत नाही, खात्यात शिल्लक नाही, साहेब जागेवर नाहीत, ही खिडकी त्या कामाची नाही, आणि अलीकडचा सर्वांत लोकप्रिय म्हणजे सिस्टीम चालू नाही. वीस वर्षं हाच माल विकत आल्यामुळे नकाराचे झाडून सगळे नमुने आपल्या दुकानात आहेत अशी माझी समजूत होती. परवा घरच्या कॉम्प्युटरने त्यात एका नव्या नमुन्याची भर टाकली आणि मी, म्हणजे तत्त्वज्ञानाशी ज्याचा संबंध फक्त दिवाळी अंकापुरता असा एक बी. कॉम., चक्क विचारात पडलो.

झालं असं, की मुलीने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासासाठी घरच्या डेस्कटॉपवर ‘पायथन’ बसवला. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आहे. गिडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी ती १९९१ मध्ये जगापुढे ठेवली. नाव अजगरावरून पडलेलं नाही, ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून पडलं आहे. विनोदाने समाजाला काय दिलं, असं विचारणाऱ्यांच्या तोंडावर मी हल्ली हे उदाहरण फेकतो.) विधी यथासांग पार पडला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली, काम यशस्वी झाल्याचं यंत्राने स्वतःच जाहीर केलं. त्या पायथनसोबत ‘पिप’ नावाचा एक हरकाम्या येतो. कुठलीही जादा सामग्री हवी असली की त्याला हाक मारायची, तो इंटरनेटवरून आणून देतो. मुलीने ती काळी खिडकी उघडली, म्हणजे जिच्यात माउसला कोणी विचारत नाही आणि हवं ते टाइप करून मागावं लागतं ती. तिच्यात लिहिलं, पिप अमुक आण.

उत्तर आलं. मराठीत सांगायचं तर, “‘पिप’ हा अंतर्गत किंवा बाह्य आदेश, चालण्याजोगा प्रोग्रॅम अथवा बॅच फाइल म्हणून ओळखला जात नाही.”

सरकारी गॅझेटात शोभावं असं वाक्य! मुलीने पायथन काढून टाकला आणि पुन्हा बसवला. पुन्हा तेच उत्तर. आणखी एकदा विसर्जन, आणखी एकदा प्रतिष्ठापना. फरक शून्य. शेवटी तिने नुसतं ‘पायथन’ एवढंच लिहून पाहिलं, तर यंत्राने थेट एक दुकान उघडून दाखवलं. इथे पायथन मिळेल, घेता का? म्हणजे घरात डबा भरलेला असताना साखर आणायला वाण्याकडे पाठवण्यातला प्रकार.

“पण तो आहे!” मुलगी कळवळून म्हणाली. “बाबा, तुम्हीच बघा.” तिने कप्पे उघडत उघडत मला आत नेलं. खरंच होता. नाव, तारीख, आकारमान, सगळ्यांसकट होता. माझी आई जपमाळ थांबवून म्हणाली, “नीट बघ म्हणावं त्याला. पुरुषमाणसाला समोरची वस्तू दिसत नाही.”

आईने हे कॉम्प्युटरला पुरुष ठरवूनच म्हटलं होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या तिचं निदान अचूक निघालं. मी घराची किल्ली शोधतो ती तीन ठिकाणी: दारामागचा खिळा, पँटचा खिसा, टीव्हीच्या शेजारची बशी. याच क्रमाने. तिन्हीकडे नसली की मी जाहीर करतो, किल्ली हरवली. मग आमची ही येते आणि ती भाजीच्या पिशवीतून, कोथिंबिरीच्या जुडीखालून काढून देते. माझं शोधणं यादीचं, हिचं शोधणं घराचं. कॉम्प्युटर माझ्या पंथातला. त्याच्याजवळ ‘पाथ’ नावाची एक यादी असते. अमुक कप्प्यात बघ, मग तमुक कप्प्यात, मग त्याच्या पुढच्या. काळी खिडकी आधी स्वतः उभी असेल तिथे नजर टाकते, मग यादीप्रमाणे एकेक दार ठोठावते, आणि यादी संपली की ‘ओळखत नाही’ म्हणते. यादीबाहेर पाऊल टाकायचं नाही. ही पद्धत काही आजची नव्हे. युनिक्समध्ये ती १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आली, डॉसमध्ये १९८३ साली. म्हणजे ही यादी वयाने माझ्याहून थोरली आहे आणि नेहमीच्या थोरल्यांप्रमाणे तिला नवं माणूस आपणहून दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वेगवान यंत्र, त्याने सगळं घर धुंडाळायला काय हरकत आहे? मीही हेच म्हणालो. मुलीने मला दोन कारणं सांगितली आणि दोन्ही मला बँकेतला माणूस म्हणून तत्काळ पटली. एक तर त्या डबड्यात लाखो फायली असतात. प्रत्येक हाकेला सगळ्या चाळायच्या म्हटलं तर काउंटरवरची रांग रस्त्यावर जाईल. दुसरं म्हणजे, उद्या कोणी भामट्याने ‘पिप’ हेच नाव धारण करून कुठल्या तरी कोपऱ्यात दबा धरला, तर यंत्र त्यालाच पिप समजून घरात घेईल. तेव्हा ओळखीच्या दारांपलीकडे जायचं नाही, हा आळशीपणा नसून बंदोबस्त आहे. शिवाय यादीतला क्रमही महत्त्वाचा. एकाच नावाचे दोघे असले तर आधी सापडेल त्याला काम मिळतं, दुसरा कितीही नवा आणि हुशार असो. आमच्याकडे यालाच सीनियॉरिटी म्हणतात.

इतकं समजल्यावर माझा कॉम्प्युटरवरचा राग गेला आणि त्याच्या जागी प्रश्न आला, जो जास्त त्रासदायक असतो. वस्तू आहे. शोधणाऱ्याने नियमाप्रमाणे शोधलं आहे. तरी ती सापडत नाही. तर मग ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि कुठपर्यंत?

आमच्या शाखेत संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक पासबुक भरायला येतात. पासबुकाचं यंत्र बहुधा आजारी असल्यामुळे त्यांना बोलायला भरपूर सवड मिळते. त्यांच्यापुढे मी हे गाऱ्हाणं मांडलं. ते खुलले. म्हणाले, यावर आपल्याकडे शतकानुशतकं भांडण चाललं आहे. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी ‘अनुपलब्धि’, म्हणजे न सापडणं, हेही ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही. नैयायिक म्हणाले, यासाठी वेगळं साधन कशाला, प्रत्यक्षात भागतं. पण एका गोष्टीची सगळ्यांनी काळजी घेतली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे उघडे पाहिजेत, नजर तिकडे पाहिजे. अंधारात उभं राहून ‘घडा नाही’ म्हणणाऱ्याला शास्त्रात उभं करत नाहीत. याला म्हणतात योग्यानुपलब्धि. एवढं बोलून त्यांनी विचारलं, “पासबुक?” मी सवयीने म्हणालो, “आज होणार नाही.” ते म्हणाले, “हे मात्र योग्य आहे,” आणि गेले.

या कसोटीवर घासलं तर आमचा कॉम्प्युटर स्वच्छ सुटतो. तो ‘पिप नाही’ असं कुठे म्हणाला? ‘ओळखला जात नाही’ म्हणाला. मी बघितलं तेवढ्या जागी मला मिळाला नाही, यापलीकडे एक अक्षर नाही. हा प्रामाणिकपणा काउंटरच्या अलीकडे मी फारसा पाहिलेला नाही. माणूस यादी बघतो आणि जगाबद्दल बोलतो. ‘तुमचं नाव माझ्या कागदात नाही’ हे वाक्य जिभेवर येईपर्यंत ‘तुम्ही नाही’ असं होऊन जातं, आणि समोरच्याला ते तसंच ऐकू जातं.

मग दोष कोणाचा? पायथन ज्या इन्स्टॉलरने बसवला, त्याच्या पहिल्याच पानावर तळाशी एक लहानशी चौकट होती: याचा पत्ता यादीत घालू का? चौकट रिकामी होती आणि खूण न करता पुढे जाता येत होतं. ती रिकामी ठेवण्यातही सभ्यपणा आहे बरं का. घरात आधीचा पायथन नांदत असेल, तर नव्याने येऊन त्याचा पाट बळकावू नये. म्हणजे येणारा भिडस्त, शोधणारा शिस्तीचा, दोघंही आपापल्या जागी सज्जन, आणि मुलीचा अभ्यास अडलेला. जगातली बरीच अडलेली कामं मला अशीच सज्जनांनी अडवलेली दिसतात. दुर्जनांना एवढा वेळ नसतो.

मुलीने शेवटी सेटिंगच्या तळघरात उतरून दोन पत्ते यादीत घातले, एक पायथनचा आणि एक त्याच्या आतल्या ‘स्क्रिप्ट्स’ नावाच्या खोलीचा. पिप राहतो त्या खोलीत. मालक यादीत आला म्हणून आउटहाउसमधला आपोआप येत नाही. तरीही काळी खिडकी म्हणाली, ओळखत नाही! कारण खिडकी उघडते त्या क्षणी यादीची एक प्रत तिच्या हातात पडते, आणि बंद होईपर्यंत ती तीच प्रत धरून बसते. बाहेर काय बदललं याचा तिला पत्ता नसतो. उपाय एकच, ती खिडकी मिटायची आणि नवी उघडायची. नोकरीला लागताना हातात पडलेली यादी निवृत्तीपर्यंत प्रमाण मानणारे किमान तीन सहकारी माझ्या डोळ्यांपुढे तरळले. पण त्यांना मिटून पुन्हा उघडता येत नाही.

आणखी एक मार्ग होता, तो कळला तेव्हा मी गहिवरलो. पायथनबरोबर ‘पाय’ नावाचा एक छोटा मध्यस्थ येतो. तो मात्र यादीतल्या जागीच जाऊन बसतो. पायथन कुठे राहतो हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याकरवी निरोप धाडला, तर यादीत नसलेला पिपही मुकाट कामाला लागतो. पाय धरले की काम होतं, ही गोष्ट अमेरिकेतून आलेल्या यंत्रालाही मान्य आहे.

हसण्यावारी न्यायचं तर हे सगळं नेता येतं. पण उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्यातले लाल बिहारी नावाचे गृहस्थ १९७५ ते १९९४ पर्यंत सरकारी दप्तरात मृत होते. कर्जासाठी कागद हवा म्हणून कचेरीत गेले, तेव्हा त्यांना स्वतःच्या निधनाची बातमी कळली. त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्या इतरांचा मृतक संघ काढला, निवडणुकांना उभे राहिले. दप्तराने जिवंत करून घेतल्यानंतर नऊ वर्षांनी, २००३ मध्ये, त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं. सगळी कचेरी समोर उभा माणूस बघत होती. यादीत तो नव्हता, एवढंच.

आमच्याकडे हा प्रयोग दर नोव्हेंबरात असतो. पेन्शनरांनी आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय आहे, बोट टेकवलं की दाखला. २०२१ पासून चेहराही चालतो. पण भांडी घासून आणि दळणं दळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या, त्यांचं बोट यंत्र ओळखत नाही. गेल्या जानेवारीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी आल्या. कौटुंबिक पेन्शन थांबलेली. नोव्हेंबरात त्या आजारी होत्या. औषधाच्या दुकानात उधारी झाली होती, ती चिठ्ठी त्यांनी पासबुकात ठेवलेली मला दिसली. बोट चार वेळा टेकवून झालं. माझ्या शेजारचा नवा मुलगा म्हणाला, “आजी, होत नाहीये. उद्या या.”

मी कागदी फॉर्म काढला. आमच्या अधिकाऱ्यासमोर सही केली की तोही चालतो. कोणी मागितल्याशिवाय तो ड्रॉवरमधून बाहेर येत नाही, इतकंच. आजींनी नाव लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षराला वेगळी मेहनत घेत. मी म्हटलं, “थकलेली रक्कमही जमा होईल, डिसेंबरची.”

“म्हणजे डिसेंबरात मी होते?”

“होतात ना.”

“तेव्हा नाही म्हणाला होता तुम्ही.”

नवा मुलगा की-बोर्डकडे बघत राहिला. आजींनी चष्मा पुसला, पेन मला परत केलं आणि हात पुढे केला. “याची पोच द्या.”

“कसली पोच, आजी?”

“मी आहे, याची.”

मी दिली. शिक्का मारून. त्यांनी तारीख वाचून खात्री करून घेतली, कागदाची चौपदरी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, “या, आता तुम्ही या.”