श्रेयनामावलीत नसलेली नावे

तळोद्याच्या बाजारपेठेत ध्वनिवर्धकावर एखादे जुने चित्रपटगीत लागले, की ऐकणारा गायिकेचे नाव सांगतो, नटाचे सांगतो, फार तर संगीतकाराचे सांगतो. त्यातील व्हायोलिनचे तुकडे कोणी लिहिले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

१९४० नंतरची तीन दशके मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांकडे होते. चर्चशाळांमुळे त्यांना लहानपणापासून स्वरलिपी अवगत असे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. संयोजक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देई. फाळणीनंतर लाहोरहून मुंबईस आलेले सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी अनेक वर्षे हेच केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले आणि १९५८ साली स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभारला. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसे. गायक व वादक एकाच वेळी मुद्रित होत. एकाची चूक झाली, की सर्वांनी पुन्हा आरंभ करावयाचा. राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणात आयुष्य वेचले. श्रेयनामावलीत मात्र संयोजकाचे नाव असेच असे नाही. असलेच तर पुष्कळदा ‘साहाय्यक’ एवढ्याच बिरुदाने.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. नावाचा हव्यास धरू नये, अशी आपली शिकवण आहे. मग या वादकांनी खंत बाळगणे हा अहंकार नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्याग हा ज्याचे त्यानेच करावयाचा असतो. स्वतः मागे राहणे ही नम्रता. दुसऱ्याला मागे ठेवून त्याच्या नम्रतेचे गोडवे गाणे हा अन्याय. त्यांना मेहनताना मिळाला होता, असे कोणी म्हणेल. परंतु मेहनताना श्रमाचा असतो. श्रेयनामावली ही साक्ष असते. हे काम कोणी केले, याची ती जाहीर ग्वाही देते. ती अपुरी असेल तर आठव्या आज्ञेचा प्रश्न येतो.

आमच्या सातपुड्यात होळीच्या रात्री पावरी वाजते, ढोल घुमतो. त्या सुरांवर कोणाचेच नाव नसते. ते साऱ्या पाड्याचे असतात. तेथे कोणावर अन्याय होत नाही. नावांची यादी लिहिली जाऊ लागते, तेव्हाच वगळण्याचे पापही शक्य होते.

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव एका गीतात गुंफले. शिष्याने ऋण मानले, हे थोरच. तरीही देशभर त्या नावाने ओळखला गेला तो पडद्यावरचा विनोदी नायक. व्हायोलिन शिकविणारा माणूस गोव्यात परतून शांतपणे राहिला. नाव उच्चारले जाणे आणि माणसाची ओळख पटणे यांत एवढे अंतर असू शकते.

आपल्या धर्मग्रामांतही सणाच्या मिस्सेनंतर आभार मानले जातात. देणगीदार आणि पाहुणे यांची नावे ठळकपणे घेतली जातात. गायनवृंदाला महिनाभर शिकविणारा, पेटी वाजविणारा, पहाटे येऊन तारा जोडणारा, यांचे ‘इतर सर्वांचे’ या दोन शब्दांत उरकते. येत्या सणाला ती यादी लिहिणाऱ्याने लेखणी खाली ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आणखी कोण राहिले, हे शेजाऱ्याला विचारावे.